३ लाख २० हजारांची यादी आणि माईंचा तवा : शाहूपुरीतल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

यादी एकाच पानाची होती. बिल्ट-इन हॉब (ओट्यात बसवायची काचेची गॅस शेगडी) ४२ हजार, चिमणी ५८ हजार, ओव्हन ७५ हजार, मायक्रोवेव्ह ६० हजार, डिशवॉशर ८५ हजार. बेरीज ३ लाख २० हजार. खाली शोरूमच्या माणसानं पेनानं लिहिलं होतं, ‘पॅकेज घेतलं तर बघू’.

दादांनी यादी माझ्याकडं सरकवली. "ताई, एकदाच करतोय. करायचं तर भारीच करू. फक्त हे घेऊ का नको, तेवढं सांगा."

गेली अठरा वर्षं मी कोल्हापुरात घरांच्या आतली कामं करते. त्यातली निम्मी स्वयंपाकघरं असतात आणि हा प्रश्न दर दुसऱ्या घरात येतो. माझं उत्तरही एव्हाना ठरून गेलं होतं : हॉब घ्या, चिमणी घ्या, बाकीचं पुढच्या दिवाळीला बघू. या घरात ते उत्तर चाललं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. घरच्यांना विचारून लिहितेय, नावं घालत नाही.

घर शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून फार लांब नाही. तळमजला आणि वर एक मजला. २०१९ च्या पुरात स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं, २०२१ मध्ये कमरेएवढं. दोन्ही वेळा ओट्याखालची कपाटं गेली. दुसऱ्या खेपेला प्लायवूडची दारं फुगून इतकी घट्ट बसली होती, की आतले पितळेचे डबे काढायला दादांनी पहार घातली. ते दार त्यांनी अजून माळ्यावर ठेवलंय. का ठेवलंय, विचारलं तर हसतात.

घरात तीन माणसं. माई, वय ७४, स्वयंपाकाची सूत्रं अजून त्यांच्याच हातात. वहिनी सहकारी बँकेत. दादांचं शिरोलीला छोटं मशीन शॉप. मुलगा आणि सून पुण्यात, महिन्या-दोन महिन्यांनी येतात. यादी मुलानं काढली होती. पुण्यातल्या मित्राच्या फ्लॅटमध्ये त्यानं हे सगळं बघितलेलं, आणि ‘आईच्या हाताला जरा आराम मिळू दे’ हे त्याचं म्हणणं मनापासूनचं होतं. स्वयंपाकघराचं एकूण बजेट ८ लाख. म्हणजे ओटा, कपाटं, टाइल्स, नळ, वायरिंग यांच्या आधीच ४० टक्के पैसे पाच यंत्रांत जाणार होते.

दोन आठवड्यांची वही

मी म्हटलं, दोन आठवडे थांबू. फ्रिजच्या हँडलला वही बांधा. काय पेटवलं, काय लावलं, किती वेळ, एवढंच लिहायचं. अशा वह्या मी पूर्वीही दिल्या आहेत, लोक तिसऱ्या दिवशी कंटाळतात. वहिनी बँकेतल्या, त्यांनी खतावणीसारखी लिहिली.

गॅस कामाच्या दिवशी सरासरी ३ तास ४० मिनिटं, रविवारी ५ तासांच्या वर. रविवारी मटण, तांबडा-पांढरा दोन्ही. मिक्सर दिवसातून पाच-सहा वेळा. जुना मायक्रोवेव्ह दोन आठवड्यांत चार वेळा, चारही वेळा भात गरम करायला. ओव्हनच्या रकान्यात एकच नोंद : ‘केक (आणला)’. भांडी सकाळी १ तास १० मिनिटं, संध्याकाळी ५० मिनिटं. भांडीवाल्या मावशी चौदातले चार दिवस आल्या नव्हत्या.

ही शेवटची ओळ मी वाचली आणि पुढं गेले. ती चूक पुढं येईल.

ओव्हन आणि मायक्रोवेव्हचे १ लाख ३५ हजार तिथंच सुटले. मुलानं फोनवर जरा कुरकुर केली, "एकदा आला की वापरतील." मी उलटंच बघितलंय. हौसेनं बसवलेल्या बिल्ट-इन ओव्हनमध्ये वर्षभरात कढया आणि पापडाचे डबे जातात. पण ओव्हन सगळीकडंच वाया जातो असंही नाही. ताराबाई पार्कातल्या एका पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी याच किमतीचा ओव्हन बसवलाय. तिथली सून घरून केकच्या ऑर्डरी घेते. रोज तीन-चार तास चालतो, आत सगळीकडं सारखी उष्णता मिळते, आणि तिचे पैसे वसूल झालेत. तिथं मी कमी किमतीचा सुचवला असता तर तिनं मला दारातही उभं केलं नसतं.

तवा घेऊन शोरूममध्ये

हॉबवर मात्र सगळ्यांचा जीव होता. काळी काच, चार बर्नर, खालून एकसंध ओटा. बघायला देखणा, यात वाद नाही. मी हो म्हणण्याच्या बेतात होते, तेवढ्यात माई म्हणाल्या, "मी आधी त्येच्यावर भाकरी टाकून बघतो. मग पैसं द्या."

शोरूममध्ये एक हॉब गॅस जोडून ठेवलेला होता. माईंनी घरून लोखंडी तवा, परात आणि डब्यात शाळूचं पीठ आणलं. गरम पाणी शेजारच्या चहाच्या गाड्यावरून आलं. शोरूमचा मुलगा आधी हसला. माईंनी परातीत पीठ मळून भाकरी थापायला घेतली, तेव्हा आतली दोन माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

तव्यावरचा भाग ठीक झाला. भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली. गाडी अडली शेवटी. माईंनी सवयीनं तवा बाजूला काढला आणि भाकरी थेट जाळावर धरली. घरच्या शेगडीवर ती इथं टम्म फुगते. या हॉबच्या बर्नरला दोन कडी, मधलं लहान आणि बाहेरचं मोठं. वर जाळीचे पाय उंच. मधला जाळ भाकरीला मध्येच लागला, तिथं काळा डाग पडला आणि कडा पांढऱ्याच राहिल्या. जळक्या पिठाची पूड काचेवर आणि बर्नरच्या भोकांत पडली. माईंनी ज्योत मोठी केली, भाकरी फिरवली, पुन्हा तेच.

"ह्येच्यात जाळ हाय, पर भाकरीला पोचंना."

"माई, यावर भाकरी सहसा कुणी करत नाही," शोरूमचा मुलगा म्हणाला.

"मग ह्यो आणलाय कुणासाठी?"

तो गप्प. त्याची चूक नव्हती. ज्यांच्याकडं पोळ्या होतात, कढई-कुकरचं काम जास्त आहे, त्यांच्याकडं तो हॉब उत्तम चालेल. आमच्याकडं रोज सकाळी नऊ-दहा भाकऱ्या आणि रविवारी बारा लिटरचं पातेलं. ते पातेलं आम्ही पाणी भरून हॉबवर ठेवून पाहिलं. बसलं, पण शेजारच्या दोन बर्नरवर कुकर ठेवायला जागा उरली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या हॉबमध्ये एक गोष्ट खरंच मोलाची होती. दूध उतू जाऊन ज्योत विझली, तर आतला सेन्सर गॅस बंद करतो. माईंना आताशा विसर पडतो, त्यामुळं मी तेच साध्या शेगडीत शोधलं. आम्हाला हवी तशी शेगडी त्यासकट मिळाली नाही. शेवटी स्टीलची रुंद चार बर्नरची, पितळी बर्नरची शेगडी ११ हजारांना घेतली आणि गॅसगळतीचा अलार्म लावला. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. बरीच घरं हा अलार्म छताजवळ लावून मोकळी होतात. विझलेल्या ज्योतीवर अलार्म म्हणजे सेन्सर नव्हे, हे मी दादांना तोंडावर सांगितलं.

गॅस वाचेल म्हणून भारी हॉब घ्यावा, असंही शोरूममध्ये ऐकवतात. साध्या घरगुती गॅस शेगडीलाही आयएस ४२४६ या मानकानुसार किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमता द्यावीच लागते. त्या वर चार-दोन टक्के मिळाले, तर ३१ हजारांचा फरक सिलिंडरमधून वसूल होईपर्यंत माईंच्या नातवाला म्हातारपण येईल.

धूर

चिमणीत मात्र मी हात आखडता घेऊ दिला नाही. फक्त पैसे दुसरीकडं घातले.

स्वयंपाकघर १२ बाय ९ फूट, उंची १० फूट. म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. ती तासाला बारा वेळा बदलायची म्हटली, तरी ३६० ते ३७० घनमीटर पुरतात. यादीतल्या चिमणीवर आकडा होता १४००. कागदावर जवळजवळ चौपट. तरीही ज्यांच्या घरी असल्या चिमण्या आहेत, त्यांच्या हॉलमध्ये फोडणीचा ठसका लागतोच. कारण तो आकडा पाईप मोकळा असताना मिळतो. पाईप जेवढा लांब, जेवढी वळणं, जेवढा बारीक, तेवढी चिमणी नुसती ओरडते.

शोरूमच्या नकाशात शेगडी खोलीच्या मध्यावर होती, बेट करून. दिसायला झकास. पण तिथून बाहेरच्या भिंतीपर्यंत १६ फूट पाईप आणि तीन वळणं, तीही छताच्या खोट्या पॅनेलमध्ये लपवायची, म्हणून ४ इंची. ६ इंची पाईपचं तोंड ४ इंचीच्या सव्वादोन पट असतं. १४०० ची ताकद त्या नळीत कोंबणं म्हणजे बैलगाडीच्या वाटेनं ट्रक घालणं. आम्ही शेगडी मागच्या भिंतीला नेली. पाईप ४ फूट, वळण एक, व्यास ६ इंच, आतून गुळगुळीत. चिमणी कमी ताकदीची, पण ९० सेंटिमीटर रुंद, कारण रविवारचं पातेलं कडेच्या बर्नरवर असतं आणि अरुंद हुडच्या बाजूनं वाफ निसटते. शेगडीपासून उंची २८ इंच. किंमत ३४ हजार, पाईप आणि फिटिंगचे ६ हजार. आपोआप साफ होणारी चिमणी असली, तरी जाळी धुवावी लागतेच. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मला फोन येत नाही.

वर्षाची चटणी करताना मिरची, कांदा, खोबरं भाजायचं काम कुठल्याच चिमणीच्या हिशेबात धरू नये. ते गच्चीवर, वेगळ्या शेगडीवर, वाऱ्याची दिशा बघून. (कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी : इथं चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट. ‘चटणी जरा जास्त घाल’ म्हटल्यावर पुण्याच्या एका पाहुण्यांनी भाजीत शेंगदाण्याची चटणी घातलेली मी पाहिली आहे.)

विजेचा हिशेब दादांना एका वाक्यात पटला. यादीतला ओव्हन ३ किलोवॅट, मायक्रोवेव्ह अडीच, डिशवॉशर २, त्यात घरातला गीझर २ आणि मिक्सर पाऊण. एकाच वेळी चालले तर सव्वादहा किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला ४४ अँपियरच्या वर. मीटरचा मंजूर भार ३ किलोवॅट, वायरिंग जुनी आणि अर्थिंग नावालाच. दादा म्हणाले, "म्हणजे मोटर भारी आणि केबल बारीक." नेमकं तेच. यंत्रं कमी झाली तरी वायरिंग बदललीच. नवा बोर्ड, जाड वायर, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, नवं अर्थिंग, आणि सगळे सॉकेट जमिनीपासून साडेचार फुटांवर. ६२ हजार गेले. दाखवायला काहीच नाही. घर बघायला आलेल्या एकाही पाहुण्यानं अर्थिंगचं कौतुक केलेलं नाही.

माणूस कुठून येतो

यादीतल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांना वहिनींनी माझ्यासमोर फोन केले. ‘सर्व्हिस आहे का’ असं विचारायचं नाही, उत्तर ‘हो’च येतं. पिनकोड सांगायचा, ४१६००१, आणि विचारायचं : माणूस कुठल्या गावाहून येतो आणि कुठल्या वारी? पहिल्यांचा माणूस गावातच होता. दुसऱ्यांचा सांगली आणि कोल्हापूर मिळून एक. तिसऱ्यांनी बराच वेळ होल्डवर ठेवून सांगितलं, पुण्याहून येतो, तीन-चार कॉल जमले की. पुणं इथून साधारण २३० किलोमीटर. पाल शिरून यंत्रातलं सर्किटचं कार्ड जळलं, तर रविवारी पाहुणे आलेले असताना बाई त्या माणसाची वाट बघत बसणार. माझ्या हिशेबी तिथं ती कंपनी बाद झाली, वस्तू कितीही चांगली असो.

पूर

खरा निकाल या गोष्टीनं लावला, आणि ही माझ्या नेहमीच्या तक्त्यात नव्हती. दादांनीच एका संध्याकाळी विचारलं, "ताई, पाणी आलं तर यातलं उचलता काय येईल?"

बिल्ट-इन म्हणजे भिंतीत, कपाटात, काचेत घट्ट बसवलेलं. त्याचं सौंदर्यच त्यात आहे. पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. त्या मधल्या तासांत सुतार आणि प्लंबर दोघंही आपापल्या घरचं सामान वर चढवत असतात. हॉब कोण काढणार? सुटी शेगडी माणूस काखेत घालून जिन्यानं नेतो. सुटं डिशवॉशर दोघं उचलतात.

तेव्हापासून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न : किती जणांत, किती मिनिटांत वर? कपाटंही याच प्रश्नानं बदलली. ओट्याखाली प्लायवूड बंद. कडाप्प्याचे उभे खण, स्टेनलेस स्टीलची दारं, उद्यमनगरातून करून घेतलेली, बिजागऱ्यांवरून उचलून काढता येणारी. पाणी ओसरलं की पाईप मारून धुवायचं. दिसायला हॉटेलसारखं झालंय, हे मला मान्य आहे. मुलगा अजून त्यावर चिडवतो.

डिशवॉशर आणि मी

इथं माझी चूक. मी डिशवॉशर साफ नको म्हटलं होतं. आपली भांडी, करपलेली कढई, तेलकट पातेली, माई त्याला हात लावणार नाहीत, मावशी आहेतच. अशी वाक्यं मी इतक्या घरांत बोललेय की ती आपोआप येतात.

वहिनी काही बोलल्या नाहीत. वही आणली आणि ते पान उघडलं. "ताई, तुम्ही गॅसचे तास मोजलेत. हे दोन तास नाही मोजलेत. आणि हे चार दिवस सिंकपुढं कोण उभं होतं, ते लिहिलेलं नाहीय, पण मीच होते."

मी गप्प झाले. सगळ्या घराचा हिशेब आम्ही माईंच्या जाळाभोवती केला होता आणि बँकेतून साडेसहाला येणारी बाई कुणीच धरली नव्हती. मुलानं यादीत आराम लिहिला होता, त्याला नेमकं यंत्र माहीत नव्हतं एवढंच.

सुटं, चौदा सेटिंगचं (म्हणजे एका वेळी चौदा जणांची ताटं-वाट्या मावणारं) मशीन ४६ हजारांना घेतलं. बिल्ट-इनचे जास्तीचे ३९ हजार प्रामुख्यानं पुढच्या दाराचे आणि थोड्या कमी आवाजाचे होते. पाणी तपासलं. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ मध्ये शहरात आलं, तरी नळ नसतो तेव्हा या घरात बोअर चालते आणि बोअरचं पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणाची पसंतीची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. तपासणीची पट्टी बोअरच्या पाण्यात त्याच्या बरीच पुढं रंगली. म्हणून मशीनला नळाच्या टाकीचीच लाइन दिली आणि पाण्याचा जडपणा कमी करणाऱ्या मिठाची सेटिंग त्या पाण्यावर लावली.

एकूण यंत्रं, पाईप आणि वायरिंग मिळून १ लाख ५९ हजार. उरलेल्यातून स्टीलची दारं झाली.

एक वर्षानंतर

शेगडीबद्दल काही लिहिण्यासारखं नाही, रोज पेटते.

डिशवॉशर दिवसातून एकदा चालतं, पाहुणे असले की दोनदा. लोखंडी तवा, बिडाची कढई आणि अॅल्युमिनियमचा कुकर आत जात नाही. एकदा कुकर गेला होता, तो काळवंडून बाहेर आला आणि त्यावर दोन दिवस घरात अबोला होता. मधे काचेच्या ग्लासांवर पांढरा थर दिसायला लागला. टाकीत कुणीतरी बोअर सोडली होती. मावशी आहेत, आता फक्त मोठी पातेली घासतात, पगार तोच. हे वहिनींनी आधीच ठरवलं होतं. माई मशीनला ‘ती पेटी’ म्हणतात. जेवण झालं की ताट धुऊन आत ठेवतात. धुऊन का ठेवायचं, हे आम्ही समजावणं सोडलंय.

चिमणीनं मला गोत्यात आणलं. पाईप चार फुटांचा, वळण एक, सगळं हिशेबात. पण तो उघडत होता दोन घरांमधल्या बोळात, आणि समोरच शेजाऱ्यांच्या देवघराची खिडकी. ते शाकाहारी. पहिल्याच रविवारी दहा वाजता त्यांच्या पूजेत पांढऱ्या रश्शाचा वास शिरला. बिचारे भांडले नाहीत, फक्त दुसऱ्या रविवारी खिडकी लावून घेतली आणि तिसऱ्या रविवारी दादांना बोलावून चहा दिला. तो चहा भांडणापेक्षा जड गेला असणार. शेवटी पाईप गच्चीपर्यंत वर नेला, एक वळण आणि बरीच लांबी वाढली, खेच थोडी कमी झाली. खर्च माझ्या फीमधून. आता मी साइटवर गेले की आधी बोळात जाऊन वर बघते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दादांनी रंगीत तालीम घेतली. मुलगाही आला होता. घड्याळ लावलं. शेगडी तीन मिनिटांत वर. स्टीलची दारं अकरा मिनिटं, त्यात एक उलटी लावलेली निघाली. डिशवॉशरची पाण्याची नळी हातानं सुटते, ते दोघांनी उचललं आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर सांडपाण्याच्या नळीतून आत राहिलेलं पाणी मुलाच्या पायावर आलं. माई खालून ओरडल्या, "पेटी आडवी धरू नका!" सगळं मिळून बावीस मिनिटं. दादांनी वहीत ते लिहून ठेवलंय, आणि खाली : ‘आधी पाणी काढणे’.